फेडरलिस्ट पार्टी: बारा वर्षांत देशाची घडी बसवली, पुढच्या वीस वर्षांत स्वतःच संपली

अमेरिकेतल्या डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन पार्ट्या आपल्याला बातम्यांमुळे माहीत असतात. पण या दोघींच्याही आधी तिथे एक पार्टी होती जिने देशाची तिजोरी उभी केली, पहिली राष्ट्रीय बँक काढली, नेव्ही बांधली, सुप्रीम कोर्टाला वजन मिळवून दिलं, आणि मग अशी काही विरून गेली की १८२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिच्याकडे उभा करायला उमेदवारसुद्धा नव्हता. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधून जे इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्यातून पाठवलेले मतदार) निवडले गेले त्यात ८५ वर्षांचे जॉन अ‍ॅडम्स होते, म्हणजे याच पार्टीतर्फे निवडून आलेले एकमेव राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांनी मत दिलं जेम्स मन्रोंना, समोरच्या पार्टीच्या माणसाला. तर ही फेडरलिस्ट पार्टी इतकी वर कशी गेली आणि इतकी पार कशी संपली ते जरा नीट बघूया, कारण बहुतेक ठिकाणी ही गोष्ट दोन ओळींत उरकतात की १८१२ च्या युद्धाला विरोध केला, देशद्रोहाचा शिक्का बसला, खेळ खल्लास. मला ते पुरेसं वाटत नाही. शिक्का बसला हे खरं, पण पार्टी आतून पोखरली गेली ती त्याच्या बरीच आधी, १७९८ ते १८०० या दोन-तीन वर्षांत, आणि तेही स्वतःच्याच हाताने.

आधी थोडी पार्श्वभूमी. १७८३ ला इंग्लंडशी युद्ध संपलं, १३ राज्यं मोकळी झाली, पण केंद्र सरकार म्हणजे नुसता सांगाडा होता. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्यं मनात आलं तर द्यायची. एखाद्या हाउसिंग सोसायटीत मेंटेनन्स ऐच्छिक केला तर वर्षभरात लिफ्टचं जे होईल तेच त्या सरकारचं झालं होतं. सैनिकांचे पगार थकले, फ्रान्सचं कर्ज थकलं, १७८६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं. मग १७८७ ला फिलाडेल्फियात बसून नवी राज्यघटना लिहिली गेली, तिच्यात केंद्राला टॅक्सचा, व्यापाराचे नियम करायचा, सैन्य ठेवायचा अधिकार दिला. या घटनेच्या बाजूने जे होते त्यांना फेडरलिस्ट म्हणायचे. इथे एक घोळ नेहमी होतो तो टाळूया. १७८७-८८ चे हे फेडरलिस्ट आणि नंतरची फेडरलिस्ट पार्टी एकच नाही. जेम्स मॅडिसन घटनेच्या बाजूने सगळ्यात पुढे होते, हॅमिल्टन आणि जॉन जे यांच्या जोडीने त्यांनी घटनेच्या समर्थनार्थ लेखमाला लिहिली, आणि तेच मॅडिसन दोन-तीन वर्षांत फेडरलिस्ट पार्टीचे कट्टर विरोधक झाले.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती ही की घटना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात पक्ष ही कल्पनाच नव्हती, किंबहुना पक्ष म्हणजे गटबाजी, फूट, देशाला लागलेली कीड असं त्यांना मनापासून वाटायचं. निवडणुकीचा नियमसुद्धा तसाच केलेला: प्रत्येक इलेक्टरने दोन नावांना मत द्यायचं, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो राष्ट्राध्यक्ष आणि दुसऱ्या नंबरचा उपराष्ट्राध्यक्ष. पक्षच नसतील असं धरून चाललं तर हा नियम ठीक आहे. पक्ष आले की याचा काय बोजवारा उडतो ते पुढे येईलच.

३० एप्रिल १७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टननी न्यूयॉर्कला शपथ घेतली. त्यांच्या मंत्रिमंडळात ट्रेझरी खातं मिळालं अलेक्झांडर हॅमिल्टनला, वय जेमतेम तिशीतलं, जन्म कॅरिबियनमधल्या नेविस बेटावरचा, आईवडिलांचं रीतसर लग्न नाही, लहानपणी पोरका, युद्धात वॉशिंग्टनचा सहायक म्हणून काम केलेलं. फेडरलिस्ट पार्टीचा मेंदू म्हणजे हा माणूस.

जानेवारी १७९० ला हॅमिल्टनने काँग्रेसपुढे कर्जाचा अहवाल ठेवला. केंद्राच्या डोक्यावर सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज, आणि राज्यांचं मिळून वर आणखी अडीच कोटी. देशाची लोकसंख्या तेव्हा ३९ लाख, त्यात सात लाखांच्या आसपास गुलाम. हॅमिल्टनचं म्हणणं असं की जुने कागद बदलून नवे सरकारी रोखे द्यायचे, पूर्ण किमतीचे, आणि राज्यांचं युद्धकर्जही केंद्राने स्वतःच्या अंगावर घ्यायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो, आधीच कर्ज आहे आणि आणखी घ्यायचं? पण त्यातली मेख समजून घ्या. ज्यांचे पैसे केंद्राकडे अडकलेत ते सगळे सावकार, व्यापारी, बँकर केंद्र सरकार टिकावं म्हणून झटणार, कारण सरकार बुडालं तर त्यांचे पैसे बुडाले. आणि व्याज वेळेवर दिलं की बाजारात पत तयार होते, पुढचं कर्ज स्वस्त मिळतं. आज कुठल्याही देशाचे सरकारी बाँड याच तत्त्वावर चालतात.

पण याची एक कडू बाजू होती आणि ती सोडून देणं मला योग्य वाटत नाही. युद्धात लढलेल्या सैनिकांना पगाराऐवजी जे कागद मिळाले होते ते बऱ्याच जणांनी पोटासाठी मातीमोल भावात विकून टाकले होते, आणि शहरातल्या सट्टेबाजांनी ते गोळा केले. आता पूर्ण किंमत मिळणार ती कोणाला, तर ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला. मॅडिसन म्हणाले की मूळ सैनिकालाही त्यातला वाटा द्या. हॅमिल्टनचं उत्तर असं की कागद विकत घेणाऱ्याचा हक्क पाळला नाही तर उद्या सरकारी कागदाला कोणी हात लावणार नाही. अर्थशास्त्र म्हणून हॅमिल्टन बरोबर होता, पण गावात परत गेलेल्या त्या लंगड्या सैनिकाला हे सरकार कोणाचं वाटलं असेल याचा विचार त्या पार्टीने तेव्हाही केला नाही आणि नंतरही फारसा केला नाही.

राज्यांचं कर्ज घ्यायच्या मुद्द्यावर व्हर्जिनियासारखी राज्यं अडून बसली, कारण त्यांनी आपलं बरंचसं फेडलं होतं. शेवटी जून १७९० मध्ये व्हर्जिनियाचे थॉमस जेफरसन, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री, यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर सौदा झाला, कर्जाची योजना पास होऊ द्यायची आणि बदल्यात राजधानी दक्षिणेला पोटोमॅक नदीच्या काठी न्यायची, मधली दहा वर्षं फिलाडेल्फियात. आजचं वॉशिंग्टन शहर जिथे आहे तिथे असण्याचं कारण हे. नंतर जेफरसननी हा सौदा केल्याचा जन्मभर पस्तावा केला.

लगेच १७९१ ला बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स आली, एक कोटी डॉलर भांडवल, २० वर्षांची सनद, पाचवा हिस्सा सरकारचा आणि बाकी खाजगी. जेफरसन आणि मॅडिसननी विचारलं की घटनेत बँक काढायचा अधिकार कुठे लिहिलाय? हॅमिल्टन म्हणाला की टॅक्स गोळा करायचा, कर्ज घ्यायचं हे अधिकार दिलेत ना, मग ते वापरायला जी साधनं लागतात तीही त्यातच आली. वॉशिंग्टननी दोघांचं ऐकून सही केली. घटनेचा अर्थ ताणून लावायचा की जेवढं लिहिलंय तेवढाच, हा वाद अमेरिकेत आजही चालू आहे आणि त्याची सुरुवात इथली.

इथून दोन पार्ट्या दिसायला लागतात. हॅमिल्टनच्या बाजूने फेडरलिस्ट: न्यू इंग्लंडचे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट वगैरे ईशान्येकडच्या राज्यांचे जहाजमालक, बोस्टन-न्यूयॉर्कचे व्यापारी, रोखे असलेले लोक, वकील, चर्चचे पाद्री, दक्षिण कॅरोलिनातले चार्ल्स्टनचे श्रीमंत. समोर जेफरसन-मॅडिसनची रिपब्लिकन पार्टी, हिला पुढे डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणायला लागले (आजच्या रिपब्लिकन पार्टीशी हिचा थेट संबंध नाही, ती १८५४ ची), तिच्या मागे दक्षिणेतले मळेवाले, पश्चिमेकडचे छोटे शेतकरी, शहरातले कारागीर, आयर्लंडहून आलेले नवे लोक. दोन्हीकडे पेपर निघाले. हॅमिल्टनच्या गटाचा गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स, आणि त्याला उत्तर म्हणून १७९१ ला फिलिप फ्रेनोचा नॅशनल गॅझेट. हा फ्रेनो जेफरसनच्याच खात्यात भाषांतराची सरकारी नोकरी करायचा आणि पेपरात त्याच सरकारवर आसूड ओढायचा. जेफरसन स्वतः तेव्हा परराष्ट्रमंत्री! असं ते पहिलं मंत्रिमंडळ.

गुलामगिरीच्या बाबतीत एक सांगायलाच हवं. जेफरसनची पार्टी सामान्य माणसाची म्हणवायची पण तिची ताकद गुलाम राबवणाऱ्या व्हर्जिनियात होती. उलट उच्चभ्रू म्हणून बदनाम फेडरलिस्टांमध्ये न्यूयॉर्कचे जॉन जे होते, गुलाममुक्तीच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष, आणि गव्हर्नर असताना १७९९ ला टप्प्याटप्प्याने गुलामगिरी संपवायच्या कायद्यावर त्यांनीच सही केली. उत्तरेतले मोकळे काळे मतदार बऱ्याच ठिकाणी फेडरलिस्टांना मत द्यायचे. म्हणजे गरिबांची पार्टी आणि श्रीमंतांची पार्टी अशी सोपी विभागणी इथे चालत नाही.

आता पैसा कुठून आणायचा? मुख्य कमाई आयातीवरची जकात, आणि १७९१ पासून व्हिस्कीवर टॅक्स. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला डोंगर ओलांडून धान्याच्या गाड्या पूर्वेला नेणं परवडत नव्हतं, म्हणून तो धान्याची व्हिस्की गाळायचा, ती कमी जागेत जास्त पैसे देते, आणि रोकड नसलेल्या त्या भागात व्हिस्की हेच चलन होतं. त्यावर टॅक्स, तोही रोकडीत भरायचा, आणि मोठ्या भट्टीवाल्याला छोट्यापेक्षा दर हलका पडायचा. १७९४ ला उठाव झाला, टॅक्स अधिकाऱ्याचं घर जाळलं. वॉशिंग्टननी सुमारे १३,००० चं मिलिशिया (राज्यांची नागरिकांमधून उभी केलेली फौज) उभं केलं आणि काही अंतर स्वतः बरोबर गेले, हॅमिल्टनही होताच. समोर लढायला कोणी उरलंच नव्हतं. ज्या दोघांना देशद्रोहासाठी फाशी सुनावली त्यांना वॉशिंग्टननी माफी दिली. सरकारचा वचक बसला, हे झालंच पाहिजे होतं असं माझंही मत आहे, पण पश्चिमेकडचा मतदार तेव्हा जो गेला तो फेडरलिस्टांकडे परत कधीच आला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा कारण पुढे देश पश्चिमेलाच वाढला.

मधेच युरोपात फ्रेंच राज्यक्रांती झाली, १७९३ ला फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं. जेफरसनवाले फ्रान्सच्या बाजूचे, फेडरलिस्ट इंग्लंडकडे झुकलेले, कारण जकात मुख्यतः इंग्लिश मालावर मिळायची आणि तो व्यापार थांबला तर हॅमिल्टनची सगळी योजना कोसळणार. इंग्रज नेव्ही अमेरिकन जहाजं पकडत होती, म्हणून जॉन जे लंडनला गेले आणि नोव्हेंबर १७९४ ला करार करून आले. करारात अमेरिकेला फार काही मिळालं नाही म्हणून लोक इतके भडकले की गावोगावी जे यांचे पुतळे जाळले. सिनेटमध्ये २० विरुद्ध १० ने, म्हणजे नेमक्या दोन तृतीयांश मतांनी तो पास झाला. पण युद्ध टळलं, पश्चिमेकडचे किल्ले इंग्रजांनी सोडले. आणि या कराराच्या १३ व्या कलमाचा आपल्याशी संबंध आहे: इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानातल्या बंदरांत, म्हणजे कोलकाता, मद्रास आणि आपली मुंबई, अमेरिकन जहाजांना व्यापाराची रीतसर परवानगी मिळाली. सेलम आणि बोस्टनची जहाजं त्याआधीही हिंदुस्थानात येत होती, पण आता हक्काने यायला लागली. या जहाजांचे मालक बहुतेक पक्के फेडरलिस्ट.

१७९६ च्या निवडणुकीला वॉशिंग्टन पुन्हा उभे राहिले नाहीत. अ‍ॅडम्सना ७१ मतं, जेफरसनना ६८, आणि त्या विचित्र नियमामुळे राष्ट्राध्यक्ष एका पार्टीचा आणि उपराष्ट्राध्यक्ष विरोधी पार्टीचा. अ‍ॅडम्स हुशार, कमालीचे प्रामाणिक, आणि कोणाचंच न ऐकणारे. त्यांचे मंत्री वॉशिंग्टनच्या काळातलेच ठेवले, आणि ते मंत्री सल्ला विचारायचे न्यूयॉर्कमध्ये वकिली करत बसलेल्या हॅमिल्टनला.

फ्रान्सने जहाजं पकडायला सुरुवात केली, अ‍ॅडम्सनी वाटाघाटीला माणसं पाठवली तर फ्रेंच मंत्र्याच्या दलालांनी बोलणी सुरू करायलाच लाच मागितली. १७९८ ला ही कागदपत्रं बाहेर आली, दलालांची नावं झाकून एक्स, वाय, झेड अशी अक्षरं घातलेली, आणि देश पेटून उठला. फेडरलिस्ट पार्टी एवढी लोकप्रिय आधी कधीच नव्हती. नेव्हीचं वेगळं खातं झालं, मोठं सैन्य मंजूर झालं, समुद्रावर फ्रान्सशी न पुकारलेली लढाई सुरू झाली.

आणि याच क्षणी, लोक बरोबर असताना, त्यांनी ते केलं ज्याने त्यांचा घात झाला. १७९८ च्या उन्हाळ्यात चार कायदे केले. नागरिकत्वासाठी पाच वर्षं राहायची अट होती ती १४ वर्षं केली, कारण नवे आलेले लोक जेफरसनला मत द्यायचे. परदेशी माणसाला राष्ट्राध्यक्ष नुसत्या संशयावरून हाकलू शकेल असा कायदा केला. आणि सगळ्यात वाईट तो राजद्रोहाचा कायदा: सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्षांविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते, म्हणजे जेफरसनबद्दल काहीही लिहा. आणि कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस, उद्या दुसरे सत्तेत आले तर हा आपल्यावर उलटू नये म्हणून. कायदा कशासाठी होता हे यापेक्षा स्पष्ट काय हवं?

व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना अ‍ॅडम्सवर टीका केली म्हणून चार महिने तुरुंग आणि १,००० डॉलर दंड झाला, आणि तुरुंगात असतानाच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. न्यू जर्सीत ल्यूथर बाल्डविन नावाच्या माणसाने अ‍ॅडम्सना दिलेल्या तोफांच्या सलामीवर दारूच्या नशेत गावरान विनोद केला, त्यालाही दंड. अनेक विरोधी संपादकांवर खटले झाले. फेडरलिस्टांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांना खरोखरच वाटायचं की निवडून आलेलं सरकार म्हणजेच देश, आणि त्याला सतत विरोध करणारा गट म्हणजे देशावरचं संकट. पण इथेच सगळं चुकलं. विरोध करणारा माणूसही तितकाच देशाचा असतो आणि उद्या त्याचं सरकार येऊ शकतं, येऊ द्यायचं असतं, हे मान्य केल्याशिवाय निवडणुकीला अर्थच राहत नाही. ते हे मान्य करू शकले नाहीत. आणि हाच गट दोन-तीन वर्षांनी कायमचा विरोधी बाकावर गेला तेव्हा विरोधी पक्ष म्हणून कसं जगायचं हे त्यांनाच माहीत नव्हतं.

सैन्यासाठी पैसा हवा म्हणून घरं, जमीन आणि गुलाम यांच्यावर थेट टॅक्स लावला, १७९९ ला पेनसिल्व्हेनियातले जर्मन शेतकरी, जे तोपर्यंत फेडरलिस्टांचे हक्काचे मतदार होते, त्यांनी जॉन फ्रीसच्या मागे उठाव केला. त्याला फाशी सुनावली, अ‍ॅडम्सनी मंत्र्यांचा विरोध झुगारून माफी दिली. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सशी पुन्हा बोलणी करायला दूत पाठवायचं जाहीर केलं. हॅमिल्टनच्या गटाला युद्ध हवं होतं, निदान सैन्य तरी हवं होतं, त्यात हॅमिल्टन प्रत्यक्ष सेनापतीच्या जागी बसलेला. तह झाला तर सैन्याची गरज काय? पार्टी उभी फुटली. मे १८०० ला अ‍ॅडम्सनी दोन मंत्री काढले, आणि ऑक्टोबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, हॅमिल्टनने स्वतःच्याच पार्टीच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध ५४ पानांची पुस्तिका लिहिली की हा माणूस पदाला लायक नाही. खाजगीत वाटायची होती, पण ती जेफरसनच्या पार्टीचा न्यूयॉर्कमधला पुढारी ॲरन बर याच्या हाती लागली आणि जगजाहीर झाली. आपल्याकडे निवडणुकीत आपल्याच माणसाच्या पाडापाडीचं राजकारण काही नवीन नाही, पण इतकं लेखी पाडापाडीचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. माझ्या मते फ्रान्सशी शांतता हे अ‍ॅडम्सचं सगळ्यात मोठं काम, पार्टीचं नुकसान होतंय हे कळून केलेलं. तह सप्टेंबर १८०० ला झाला पण बातमी अमेरिकेत पोचेपर्यंत निवडणुकीला त्याचा काही उपयोग उरला नव्हता.

ती निवडणूक खरी हरली ती न्यूयॉर्कमध्ये. तिथे इलेक्टर राज्याचं विधिमंडळ निवडायचं, म्हणून वसंतातली विधिमंडळाची निवडणूक जिंकेल त्याला १२ च्या १२ मतं. ॲरन बरने शहरातल्या मतदारांच्या याद्या केल्या, कोण कोणाकडे झुकलाय, कोणाला घरून आणावं लागेल, दारोदार माणसं पाठवली. आज बूथ लेव्हलचं काम म्हणतो ना, तेच. फेडरलिस्टांना हे खालच्या दर्जाचं वाटायचं, सभ्य माणसाने मतं मागत फिरायचं नसतं, लोकांनी आपण होऊन लायक माणूस ओळखावा. बरने न्यूयॉर्क घेतलं. मग हॅमिल्टनने गव्हर्नर जे यांना पत्र लिहिलं की जुन्या विधिमंडळाची बैठक घेऊन नियमच बदला. जे फेडरलिस्टच, पण त्यांनी पत्रावर शेरा मारला की पार्टीच्या फायद्यासाठी असं काही करणं मला शोभणार नाही, आणि पत्र फाइलला लावून टाकलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या शेऱ्याबद्दल.

निकाल: जेफरसन ७३, बर ७३, अ‍ॅडम्स ६५. घटनेत गुलामांची संख्या तीन पंचमांश धरून दक्षिणेला जास्तीचे प्रतिनिधी आणि इलेक्टर मिळायचे, ती ज्यादा मतं वजा केली तर अ‍ॅडम्स जिंकतात, त्यामुळे फेडरलिस्टांची तक्रार पोकळ नव्हती. बर खरं तर उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, पण नियमाने दोघांची बरोबरी झाली आणि निर्णय प्रतिनिधीगृहाकडे, जिथे जुने, म्हणजे फेडरलिस्ट वजन असलेले सदस्य बसलेले. त्यातल्या बऱ्याच जणांनी जेफरसनला अडवायला बरला मत देणं चालू ठेवलं. ३५ फेऱ्या झाल्या तरी निकाल नाही. हॅमिल्टन स्वतः पत्रांवर पत्रं पाठवत होता की जेफरसन परवडला, बर नको. शेवटी १७ फेब्रुवारी १८०१ ला ३६ व्या फेरीत डेलावेअरचे एकमेव सदस्य जेम्स बेयर्ड यांनी हात आवरता घेतला आणि जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले. सत्ता रक्त न सांडता एका पार्टीकडून दुसरीकडे गेली, जगात हे तेव्हा फार दुर्मिळ होतं, आणि त्याचं थोडं श्रेय हरणाऱ्यांनाही द्यायला हवं.

जाता जाता अ‍ॅडम्सनी जॉन मार्शल यांना सरन्यायाधीश करून ठेवलं होतं. पार्टी गेली, मार्शल १८३५ पर्यंत, मरेपर्यंत, खुर्चीवर राहिले.

पुढची वर्षं भराभर सांगतो कारण उतारच आहे. १८०३ ला जेफरसननी फ्रान्सकडून लुईझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला घेतला, फेडरलिस्टांनी विरोध केला. घटनेत परवानगी कुठे आहे असं आता ते विचारत होते! खरी भीती वेगळी होती, त्या जमिनीवर नवी राज्यं होणार आणि ती सगळी जेफरसनच्या बाजूची असणार. भीती खरी ठरली. १८०४ ला जेफरसन १६२ विरुद्ध १४ ने जिंकले. त्याच वर्षी ११ जुलैला न्यू जर्सीत वीहॉकनला द्वंद्वयुद्धात बरच्या गोळीने हॅमिल्टन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

तरी पार्टीत धुगधुगी होती. तरुण फेडरलिस्टांनी बरचाच धडा गिरवून कमिट्या केल्या, वॉशिंग्टनच्या नावाने संस्था काढल्या, गरजूंना मदत आणि जोडीला प्रचार. आणि डिसेंबर १८०७ ला जेफरसननी परदेशी व्यापारच बंद करणारा एम्बार्गो लावला, त्यामुळे बोस्टनची गोदी ओस पडली, खलाशी बेकार झाले, फेडरलिस्टांना आयतं कोलीत मिळालं. पण इथेही काय केलं बघा. अ‍ॅडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, मॅसॅच्युसेट्सचा फेडरलिस्ट सिनेटर, त्याने देशहित म्हणून एम्बार्गोला पाठिंबा दिला, तर राज्यातल्या पार्टीने मुदत संपायच्या कितीतरी आधीच त्याच्या जागी दुसरा माणूस निवडून ठेवला. त्याने राजीनामा दिला आणि समोर गेला. पुढच्या पिढीतला सगळ्यात मोठा माणूस त्यांनी असा घालवला, तो १८२५ ला राष्ट्राध्यक्ष झाला.

जून १८१२ ला इंग्लंडविरुद्ध युद्ध जाहीर झालं, प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. एकाही फेडरलिस्टाने बाजूने मत दिलं नाही. बाल्टिमोरमध्ये युद्धविरोधी फेडरलिस्ट पेपरवर जमाव चालून गेला, स्वातंत्र्ययुद्धातले जुने जनरल जेम्स लिंगन त्या मारहाणीत मेले. युद्ध नको म्हणणं यात काहीच गैर नव्हतं, तयारी शून्य होती आणि ऑगस्ट १८१४ ला इंग्रजांनी राजधानी जाळली तेव्हा ते दिसलंच. पण न्यू इंग्लंडच्या गव्हर्नरांनी मिलिशिया द्यायला नकार दिला, बोस्टनच्या सावकारांनी सरकारला कर्ज द्यायला हात आखडला. आणि त्याच युद्धात लोकांनी डोक्यावर घेतलेलं कॉन्स्टिट्यूशन हे जहाज? ते फेडरलिस्ट सरकारांनीच बांधून घेतलं होतं, १७९७ ला बोस्टनला पाण्यात उतरवलेलं. हे श्रेयसुद्धा त्यांना घेता आलं नाही.

१५ डिसेंबर १८१४ ला कनेटिकटमधल्या हार्टफर्डला न्यू इंग्लंडचे २६ प्रतिनिधी जमले, दारं बंद, तीन आठवडे चर्चा. बाहेर अफवा की हे देशातून फुटून निघणार. टोकाचा गट होता, पण बैठक मवाळांच्या हातात होती आणि फुटायचा ठराव झालाच नाही. घटनेत सात दुरुस्त्या मागितल्या: गुलामांमुळे मिळणारं ज्यादा प्रतिनिधित्व बंद करा, युद्ध पुकारायला आणि नवं राज्य घ्यायला दोन तृतीयांश मत लागावं, एम्बार्गो ६० दिवसांहून जास्त नको, राष्ट्राध्यक्ष एकदाच आणि लागोपाठ एकाच राज्यातला नको, वगैरे. मागण्या घेऊन हॅरिसन ग्रे ओटिस आणि दोघं वॉशिंग्टनला निघाले. तोवर तिथे न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या विजयाची बातमी पोचली होती आणि पाठोपाठ तहाचीही, जो तह बेल्जियममधल्या गेंट शहरात २४ डिसेंबरलाच झाला होता, हार्टफर्डची बैठक चालू असताना. वरातीमागून घोडं. लोक विजयाचा जल्लोष करताहेत आणि हे मागण्यांचं भेंडोळं घेऊन उभे. मागण्या कोणाला देताही आल्या नाहीत.

१८१६ ला फेडरलिस्टांतर्फे रूफस किंग राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, १८३ विरुद्ध ३४ ने हरले, फक्त मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट आणि डेलावेअर मिळालं. पण मला वाटतं हार्टफर्डची बदनामी एकटी पुरी पडली नसती. १७९१ नंतर केंटकी, टेनेसी, ओहायो, लुईझियाना, इंडियाना अशी एकामागून एक राज्यं आली आणि त्यातल्या एकातही या पार्टीचं बूड नव्हतं. आणि दुसरं म्हणजे विरोधकांनी यांचाच कार्यक्रम उचलला. हॅमिल्टनच्या बँकेची सनद १८११ ला रिपब्लिकनांनी वाढवली नाही, युद्धात पैशाचे हाल झाले, आणि १८१६ ला ज्या मॅडिसननी पहिल्या बँकेला घटनाबाह्य म्हटलं होतं त्यांनीच राष्ट्राध्यक्ष म्हणून साडेतीन कोटी डॉलर भांडवलाच्या दुसऱ्या बँकेवर सही केली. उद्योगांना संरक्षण देणारी जकातही त्याच वर्षी आली. मग बोस्टनचा कारखानदार फेडरलिस्ट कशाला राहील? १८१९ ला दुसऱ्या बँकेचा खटला सुप्रीम कोर्टात आला तेव्हा मार्शल यांनी जो निकाल दिला त्यातलं तर्कशास्त्र जवळजवळ हॅमिल्टनच्या १७९१ च्या उत्तराचंच होतं.

राज्यपातळीवर थोडी वर्षं निघाली. मॅसॅच्युसेट्समध्ये १८२३ पर्यंत फेडरलिस्ट गव्हर्नर होते, त्या वर्षी तेच हार्टफर्डवाले ओटिस गव्हर्नरकीला उभे राहिले आणि हरले. डेलावेअरमध्ये त्यानंतरही काही वर्षं नाव टिकलं. माणसं मिळेल त्या बाजूला पांगली. डॅनियल वेबस्टर पुढे व्हिग पार्टीचे मोठे नेते झाले. जेम्स ब्यूकॅनन डेमोक्रॅट झाले आणि १८५७ ला राष्ट्राध्यक्ष. आणि मेरीलँडचे रॉजर टॉनी, एकेकाळचे फेडरलिस्टच, १८३३ ला अँड्र्यू जॅक्सनचे ट्रेझरी सेक्रेटरी म्हणून हॅमिल्टनच्याच खुर्चीत बसले आणि तिथून त्या दुसऱ्या बँकेतल्या सरकारी ठेवी काढून घ्यायचा हुकूम त्यांनी काढला.